ठाण्याच्या आवारातल्या जप्त गाड्या हलवताना

दरवर्षी पाच जूनला आमच्या ठाण्यात रोपं लावली जातात. टीआय (ठाणेप्रमुख) साहेबांपासून नव्या आरक्षकापर्यंत सगळे लावतात, आणि ती जगावीत म्हणून मीही पाणी घालते. पण मालखान्याचा, म्हणजे जप्त मालाच्या कोठाराचा, चार्ज हाती आल्यापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. पोलीस ठाण्याच्या हातात पर्यावरणासाठी असलेलं सर्वात मोठं काम मालखान्याच्या फाइलींमध्ये अडकलेलं असतं.

मी इंदूरच्या पोलिसांत प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, आहे. घर रामबागेतलं, घरात मराठी, रोजनामचा हिंदीत. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण जे आमच्याकडे होतं ते देशातल्या जवळजवळ प्रत्येक ठाण्याच्या मागच्या अंगणात दिसेल. चोरीच्या, अपघाताच्या, अवैध दारूच्या, बेवारस सापडलेल्या गाड्या. खाली सपाट टायर, वर गुळवेल चढलेली, सीट उंदरांनी कुरतडलेल्या.

हे इंदूर आहे, म्हणून मला ते जास्त टोचत होतं. 2017 पासून सलग कित्येक वर्षं हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आहे. आमच्या गल्लीतल्या आजी घड्याळाचा संपलेला सेलसुद्धा वेगळा ठेवतात आणि कचऱ्याच्या पिवळ्या गाडीच्या वेगळ्या कप्प्यात टाकतात. आणि त्याच शहरात, कायदा पाळायला लावणाऱ्यांच्या आवारात, ट्रकची बॅटरी तडकून शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल मातीत उतरतं. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं थेंब थेंब गळत असतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून ते खोल जातं. पावसाळ्यात वरचं सगळं वाहून नाल्यात, नाल्यातून कान्ह नदीत, आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. 2028 मध्ये त्याच शिप्रेवर सिंहस्थ आहे. ज्या पाण्यात लोक श्रद्धेनं उतरणार, त्याच्या वरच्या टोकाला आमचं अंगण आहे, हे डोक्यातून जाईना.

टायरांचं आणखी वेगळं. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणजे उन्हाळ्यात टायर सुकला म्हणून धोका गेला असं होत नाही, पहिल्या पावसात ती फुटतात. आमचा स्टाफ याच गाड्यांना खेटून उभ्या असलेल्या बराकीत झोपतो.

सुरुवात नोंदवहीपासून करावी लागली. मालखाना रजिस्टरमध्ये एक लिहिलेलं आणि आवारात दुसरंच उभं, ही जुन्या ठाण्यांची नेहमीची अवस्था. नंबर प्लेट नाही, असली तर खोटी. खरी ओळख चेसिस आणि इंजिन नंबरची. मग रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. गंज घासून काढायचा, कागद दाबून धरायचा आणि पेन्सिलने छाप उठवायचा. ठाण्यातली दोन तरुण मुलं या कामात इतकी रमली की ड्युटी संपल्यावरही थांबायची. नंबर हाती आला की आरटीओला पत्र, गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर शोध, आणि मग कळायचं की ही मोटरसायकल शहरातल्याच दुसऱ्या ठाण्यात चोरीला गेल्याची नोंद आहे. मालक तिकडे चकरा मारून थकला, गाडी इकडे उभी. जिथला नंबर घासून टाकला होता, तिथे न्यायवैद्यक प्रयोगशाळेला लिहावं लागलं.

मग वर्गवारी, आणि इथेच बहुतेक जण हात टेकतात, कारण प्रत्येक गाडीचा कायदा वेगळा. पन्नास लिटरपेक्षा जास्त अवैध दारू सापडलेली गाडी मध्य प्रदेश आबकारी अधिनियमाच्या कलम 47-क खाली कलेक्टरकडे राजसात, म्हणजे सरकारजमा, होण्यासाठी जाते. बेवारस गाडीसाठी जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम 457, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 503. त्यात मालक माहीत नसेल तर न्यायालय उद्घोषणा, म्हणजे जाहीर सूचना, काढतं आणि दावेदाराला सहा महिन्यांची मुदत देतं. अंमली पदार्थांच्या गाड्यांचा मार्ग आणखी निराळा, त्या मी बाजूला ठेवल्या.

सर्वात मोठा अडथळा कायद्याचा नव्हता, समजुतीचा होता. तपास अधिकाऱ्यांना वाटतं की गाडी हा पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत हलवली तर साक्षीच्या वेळी अडचण येईल. ही भीती खोटी नाही, उलटतपासणीत उभं राहणाऱ्यालाच ती कळते. पण सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात, स्पष्ट सांगितलं आहे की जप्त गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि गाडी सोडा. कुणीच दावा करत नसेल तर न्यायालयाने सहा महिन्यांत लिलावाचा आदेश द्यावा. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 497 मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत: माल न्यायालयापुढे आल्यापासून 14 दिवसांत वर्णनपत्र, त्याचे फोटो, गरज पडली तर व्हिडिओ, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. हे फोटो आणि वर्णनपत्र पुरावा म्हणून वापरता येतात, हेही तिथेच लिहिलं आहे. मी ते पान झेरॉक्स करून प्रत्येक तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं.

टीआय साहेबांना मात्र नदी आणि डासांपेक्षा एका वेगळ्या मुद्द्यानं पटलं. ते म्हणाले, “मॅडम, लिलावात गाडी कबाड्याकडे गेली, त्याने चेसिसचा तुकडा विकला आणि तो चोरीच्या गाडीला लागला तर?” मी म्हटलं, “साहेब, म्हणूनच अट घालायची. जी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी नाही ती फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रालाच.” केंद्राच्या 2021 च्या नियमांत तपास यंत्रणांनी जप्त केलेल्या आणि बेवारस गाड्याही अशा केंद्रात देता येतात. तिथे आधी ऑइल, इंधन, एसीचा गॅस आणि बॅटरी वेगळी काढतात, मग गाडी कापतात, आणि चेसिस नंबरचा तुकडा जपून ठेवतात. गल्लीतला कबाडी बॅटरी फोडून आम्ल गटारात ओततो आणि शिसं विकतो. एकाच अटीनं नदीही वाचते आणि गुन्हाही टळतो, हे ऐकल्यावर साहेबांनी फाइलवर सही केली आणि पुढे वरिष्ठांकडे स्वतः पाठपुरावा केला.

न्यायालयातले अर्ज एडीपीओ (सरकारी वकील) साहेबांनी तपासून दिले. बॅटरीचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा मांडला. ज्या गाड्यांचा निकाल लवकर होणार नव्हता, त्यांच्या बॅटऱ्या तरी काढायच्या होत्या, पण मुद्देमालाला हात लावला की त्यात बदल केला असा आक्षेप येतो. म्हणून परवानगी मागितली: पंचांसमक्ष फोटो, बॅटरीवर गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी, आणि ती छताखाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. 2022 च्या बॅटरी नियमांप्रमाणे ती शेवटी अधिकृत पुनर्चक्रणाकडेच जायला हवी, हेही अर्जात लिहिलं. परवानगी मिळाली. मला या सगळ्या कामात तो कागद सर्वात मोलाचा वाटतो, कारण खटला दहा वर्षं चालला तरी विष मात्र त्या दिवसापासून थांबतं.

मालकांना पाठवलेल्या नोटिसांपैकी कितीतरी ‘पत्ता बदलला’ अशा शेऱ्यानं परत आल्या. काहींनी विम्याचे पैसे आधीच घेतले होते, तेव्हा हक्क विमा कंपनीचा, मग त्यांना पत्र. एक वयस्कर गृहस्थ आले, लोकमान्यनगरकडचे, मराठीच. त्यांची स्कूटर बराच काळ आमच्याकडे होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, “बाई, आता हिचं मी काय करू?” मी त्यांना सांगितलं की सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला हमी लिहून देऊन, ताब्यात घ्या आणि न्यायालयाच्या परवानगीनं स्वतःच स्क्रॅपिंग केंद्राला द्या. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं, आणि केंद्राच्या नियमानुसार ते दाखवल्यास नव्या खासगी गाडीच्या मोटर वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. त्यांच्या नातवाला गाडी घ्यायचीच होती.

उद्घोषणेचे सहा महिने संपल्यावर आरटीओचं मूल्यांकन, लिलाव समिती, बोली, पैसे सरकारी खजिन्यात. यात वेळ गेला, पण सांगण्यासारखं विशेष नाही. आमच्या विभागाच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांचाही निकाल याच वाटेनं लागतो. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही.

गाड्या उचलल्यावर खालची माती काळी, चिकट आणि वासाची निघाली. ती नगर निगमच्या साध्या कचऱ्यात टाकायची नाही, यावर मी अडून बसले. तेल मुरलेली माती धोकादायक कचऱ्यात धरावी लागते. तिथे रोपं लावू या असं स्टाफचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. आधी माती निघू दे, मग झाड.

आता नवी गाडी आली की त्याच दिवशी फोटो आणि व्हिडिओ, न्यायालयात वर्णनपत्र, खाली वाळूचा ट्रे, टायरवर ताडपत्री. जुन्या खटल्यांतल्या काही गाड्या अजून उभ्या आहेत, आणि ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांनी नवी काळजी आणली आहे, त्यासाठी वेगळं शेड मागितलं आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची गाडी एखाद्या ठाण्यात पडून असेल तर आरसी, विमा, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत घेऊन जा. मालखाना कोणाकडे आहे ते विचारा आणि चेसिस नंबर सोबत ठेवा, नुसत्या प्लेटच्या नंबरवर शोध लागत नाही. गाडी नको असेल तर तसंही न्यायालयाला लेखी कळवा. मालक कोण हे ठरलं की उद्घोषणेची गरज उरत नाही आणि त्या गाडीची फाइल निदान सहा महिने आधी हलते.