देनियाचा हिवाळा आणि बदामाचे मळे

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या देनियाला जानेवारीत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. ग्रीनिचची रेखा या गावाच्या अगदी जवळून जाते, म्हणजे घड्याळ खरं तर लंडनचं हवं. पण 1940 साली स्पेनने घड्याळं तासभर पुढे केली आणि ती तशीच राहिली. म्हणून रविवारी आठला आमचा सायकलवाल्यांचा घोळका बंदरावरून निघतो तेव्हा सगळ्यांचे दिवे चालू असतात, आणि इबिझा बेटाच्या बोटीचेही.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर चालायलाही जागा नसते. हिवाळ्यात पर्यटकांचे फ्लॅट बंद असतात, खिडक्यांची पट्ट्यांची शटरं खाली ओढलेली, आणि गाव गावकऱ्यांचं होतं. दुपारी दोनला दुकानं बंद, पाचला पुन्हा उघडतात. संध्याकाळी आजीआजोबा नातवंडांना घेऊन बाजारपेठेच्या रस्त्यावर फेऱ्या मारतात. घरं मात्र गार! ती उन्हाळ्यासाठी बांधलेली: फरशी, जाड भिंती, हीटिंग नाही. बाहेर उन्हात सोळा-सतरा अंश आणि घरात स्वेटरवर स्वेटर. आमच्याकडे नारिंगी सिलिंडरवरची शेगडी आहे, ती या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यायची. हिवाळ्यात इथली माणसं जमेल तेवढा वेळ बाहेर का असतात, ते पहिल्याच डिसेंबरात कळतं.

पेद्रेगेर गाव ओलांडलं की समुद्र विसरायचा. आल्कालाली, मग पार्सेन्त, आणि पार्सेन्तपासून कोल दे रातेसचा घाट. साधारण साडेसहा किलोमीटरचा चढ, माथा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. चढ फार खडा नाही, एका लयीत पायडल मारत राहता येतं. डिसेंबर-जानेवारीत युरोपातल्या कितीतरी व्यावसायिक सायकल टीम किनाऱ्यावरच्या काल्पे गावातल्या हॉटेलांत सरावाला उतरतात आणि याच घाटात येतात. मागून चाकांची बारीक घरघर ऐकू येते, एका रंगाचे दहा-बारा जर्सीवाले गप्पा मारत शेजारून निघून जातात, आणि आपण धापा टाकत त्यांच्या पाठी बघतो. टीव्हीवर पाहिलेली माणसं त्याच वळणावर, त्याच डांबरावर. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

त्याहून मोठं अप्रूप मोटारवाल्यांचं. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, हा इथला कायदा आहे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, आणि घोळक्यातली पहिली सायकल गोल चौकात शिरली की पूर्ण घोळक्याला एकच वाहन मानतात, शेवटचा बाहेर पडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. नियम सगळीकडेच असतात. इथे घाटात भाजीचा टेम्पो वळणामागून वळण आमच्या मागे शांतपणे येतो, हॉर्न नाही की इंजिनाचा गुरगुराट नाही, आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की पलीकडच्या लेनमध्ये जाऊन पुढे निघतो. पुणे-सातारा रस्त्यावर जीव मुठीत धरून सायकल चालवलेल्या माणसाला हे पाहून भरून येतं.

घाट उतरलं की न्याहारी. वॅलेन्सिया प्रदेशात सकाळी दहाच्या या खाण्याला मान आहे, घाई करायची नाही. टेबलावर आधी ऑलिव्ह आणि भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा येतात, टरफलासकट, आणि टरफलं टाकायची तिथेच. मग हातभर लांब पाव: कुणाचा सॉसेजचा, माझा बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा. शेवटी क्रेमाएत. रममध्ये साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे घालून पेटवतात, निळी ज्योत विझली की वरून अलगद कॉफी सोडतात. छोट्या काचेच्या ग्लासात खाली सोनेरी थर, वर काळा.

जानेवारीच्या शेवटी शालोच्या खोऱ्यात बदाम फुलतो. पान एकही नाही, काळ्या खरबरीत फांद्यांवर नुसती पांढरी-गुलाबी फुलं, आणि जवळ उभं राहिलं तर मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. डोंगरउतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या ताली, त्यांवर ही झाडं. पण या फुलोऱ्यात आता मोठी रिकामी ठिगळं दिसतात. 2017 साली ग्वादालेस्तजवळ बदामावर झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो आणि रस शोषणाऱ्या किड्यांवाटे पसरतो, उपाय नाही. रोगट झाड सापडलं की भोवतालच्या शंभर मीटरांतली, त्याला बळी पडू शकणारी सगळी झाडं, निरोगी असली तरी, उपटायची, असा युरोपियन युनियनचा नियम होता. 2020 मध्ये अंतर पन्नास मीटरवर आलं. आमच्या घोळक्यातल्या एका निवृत्त काकांची झाडं अशीच गेली, आजोबांनी लावलेली. त्या वळणावर ते हात करून जागा दाखवतात. झाड गेलं की तालीची डागडुजी कुणी करत नाही, पहिल्या मोठ्या पावसात दगड ढासळतात आणि माती ओढ्याला जाते. मला नियमामागचं शास्त्र पटतं. पण जिथे रोग आधीच खोरंभर पसरला आहे तिथे निरोगी झाडं पाडून काय मिळालं, हा काकांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

परत येताना गाता दे गोर्गोसवरून जेझुस पोब्रेला थांबतो. तिथे रविवारी सकाळी कमानींच्या जुन्या ओसरीत शेतकऱ्यांचा बाजार भरतो. अशा ओसऱ्या बेदाण्यासाठी बांधलेल्या. मस्कत जातीची द्राक्षं क्षाराच्या उकळत्या पाण्यातून क्षणभर बुडवून काढायची, बोरूच्या चटयांवर उन्हात पसरायची, रात्री दव पडायच्या आत कमानीखाली ओढायची. एकोणिसाव्या शतकात देनियाचा बेदाणा बोटी भरभरून इंग्लंडला जायचा. पुढे फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने वेली मेल्या आणि धंदा बसला. तासगावला मामाच्या शेडवर पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवताना मी पाहिलं आहे. क्षाराने सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि द्राक्ष लवकर वाळतं, युक्ती एकच. हे मी जेझुस पोब्रेच्या बाजारातल्या बेदाणेवाल्या बाईंना मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी तासगावात जाळीवर किती दिवस लागतात ते विचारलं, सावलीत का वाळवता ते विचारलं, आणि पिशवीत आणखी एक मूठ टाकली. बिया असतात त्यात, पण चव अशी की घरी पोचेपर्यंत निम्मी पिशवी संपते.

यायचं असेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. सायकल भाड्याने मिळते, उतारासाठी वाऱ्याचं जाकीट मात्र सोबत आणा.