आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या दुकानापासून एसटीपीपर्यंत

वारज्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. बाणेरच्या एका सोसायटीतून ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, जळाल्याचा फोन आला आणि आम्ही पहिल्यांदा एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, खोलीत उतरलो. मोटर भरून दिली. दोन महिन्यांत तीच परत आली, मग तिसऱ्यांदा. मोटर भरायचे पैसे मिळत होते, पण मनाला पटेना. टाकी रिकामी करवून पाहिलं तर तळाचे डिफ्युझर, म्हणजे बारीक भोकांतून हवा सोडणारे भाग, गाळाने गच्च झालेले. हवेला वाटच नाही, सगळा लोड मोटरवर. वीजबिल वाचवायला ब्लोअर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचे, त्याने हे झालं होतं.

टाकीतलं खरं काम जिवाणू करतात. त्यांना लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास तरी विरघळलेला ऑक्सिजन लागतो. रात्रभर हवा तोडली की ते गुदमरतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. आम्ही दुसऱ्या चांगल्या प्लांटमधला जिवंत, म्हणजे जिवाणूंनी भरलेला, गाळ टँकरने आणून टाकला आणि तीन आठवडे रोज तिथे बसलो. देखभालीचं पहिलं कंत्राट तिथलंच.

या धंद्यात मला सगळ्यात प्रिय वस्तू म्हणजे एक लिटरचा मापाचा सिलिंडर. एअरेशन टाकीतलं, म्हणजे जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. तपकिरी कण एकमेकांना धरत खाली बसतात, वर नितळ पाणी उरतं. गाळ 300 मिलीच्या आसपास थांबला आणि त्याला ओल्या मातीचा वास आला की प्लांटची तब्येत ठीक. काळा पडला की हवा तपासायची. वरचं पाणी एकाएकी गढूळ झालं तर आम्ही आधी विचारतो, कुणी संडासात ॲसिड ओतलं का?

शुद्ध केलेल्या पाण्याच्या फायद्याचा हिशेब सोपा आहे. 100 फ्लॅट, 500 माणसं. माणशी रोजच्या 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशला जातात, म्हणजे 22,500 लिटर. हे शुद्ध केलेल्या पाण्यावर भागलं तर 10,000 लिटरचे दोन टँकर रोज वाचतात.

एका कमिटीने तपासणीच्या नमुन्यात नळाचं पाणी मिसळून रिपोर्ट ‘बसवायला’ सांगितलं. आम्ही नाही म्हटलं, कंत्राट गेलं. त्या महिन्याचे पगार उसनवारीवर केले. माझा एक ऑपरेटर सोलापूरकडचा. तो म्हणाला, “दादा, हे पाणी रामनदीतनं मुळेत, तिथनं भीमेत, मग उजनीत. आमची माणसं तेच पितात की.” तेव्हापासून नवीन पोरांना मी हाच रस्ता नकाशावर दाखवतो. दुसरी गोष्ट सांगतो ती टाकीत न उतरण्याची. माणसाला गटारात, मैल्याच्या टाकीत उतरवण्याविरुद्धचा 2013 चा कायदा आहेच, पण मला त्यांच्या आईवडिलांना तोंड दाखवायचं असतं.

आज सतरा सोसायट्या आहेत. रोज सकाळी चहाच्या आधी सतरा सिलिंडरचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. सध्या पावसाळ्याआधी गच्चीचे पाइप ड्रेनेजला जोडलेत का ते तपासतोय, कारण एका मोठ्या सरीत जिवाणू टाकीतून वाहून जातात. चार ठिकाणी जोडलेले सापडले. दोन काढले, दोन राहिलेत.