लॉग स्प्लिटर आणि सरपणाची बेगमी

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आगोटीच्या दिवसांत, मृग लागण्याच्या आत, पडवीची एक भिंत सरपणाने वाशांपर्यंत भरलेली असावी लागे. आजोबा फणसाचा किंवा आंब्याचा ओंडका अंगणात उभा करून त्याच्या भेगेत लोखंडी पाचर बसवत आणि घणाने ती आत ठोकत. चार-पाच घावांनंतर लाकूड आतून फाटल्याचा आवाज आला की ते घण खाली ठेवून पहार हातात घेत. गेली चौदा वर्षे मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतो. इथे आमचे घर मुख्यतः लाकडाच्या स्टोव्हवर उबदार राहते, आणि ती पाचर आता लॉग स्प्लिटरच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ओंडके फोडणाऱ्या हायड्रॉलिक यंत्राच्या, तुळईवर बसवलेली आहे. ज्यांनी नुकतेच लाकूड जाळणारे घर घेतले आहे, अशा दोन-तीन मराठी कुटुंबांनी या यंत्राबद्दल मला विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इथे सरपण मोजण्याचे माप म्हणजे कॉर्ड. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी घट्ट रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. आम्हाला एका हिवाळ्यात चार कॉर्ड लाकूड लागते. पहिली दोन वर्षे ते सगळे मी आठ पौंडांच्या घणकुऱ्हाडीने फोडले. सरळ शिरांचे लाकूड कुऱ्हाडीने फोडण्यात जो आनंद आहे तो मला आजही यंत्रात सापडत नाही. परंतु त्या दोन्ही वर्षी शेवटचा कॉर्ड फोडायला ऑक्टोबर उजाडला आणि जानेवारीत आम्ही ओले लाकूड जाळत बसलो. काचेवर काजळी धरली, धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, साचला, आणि घर काही केल्या तापेना.

स्प्लिटरचा खरा उपयोग इथे आहे, आणि यंत्र निवडताना नेमका तोच विसरला जातो. लाकूड तोडल्याने वाळत नाही, फोडल्याने वाळते. साल पाणी धरून ठेवते. ओंडका अखंड असेपर्यंत ओल जवळजवळ फक्त दोन्ही टोकांनी बाहेर पडते, आणि फोडल्यावरच वाऱ्याला आतली बाजू मिळते. बर्च वृक्षाची साल तर इतकी जलरोधक असते की न फोडलेला ओंडका एखादा उन्हाळा तसाच पडून राहिला, तर वरून पांढराशुभ्र दिसतो आणि आतून कुजून भुसभुशीत झालेला निघतो. जाळण्याजोग्या लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली असावी लागते. अ‍ॅश वृक्षाचे लाकूड फोडून वाऱ्यावर रचले तर एका उन्हाळ्यात तिथपर्यंत येते, रेड ओक वृक्षाच्या लाकडाला मात्र दोन उन्हाळे द्यावेच लागतात. म्हणजे आज फोडलेला ओक येत्या हिवाळ्याचा नसतो, त्याच्या पुढच्या हिवाळ्याचा असतो. चार कॉर्ड वसंत ऋतूतच फोडून रचून टाकता यावेत, एवढ्यासाठी यंत्र हवे.

दुकानात गेल्यावर मात्र सगळी चर्चा टनांची, म्हणजे यंत्राच्या जोराची, होते. माझ्या पाहण्यात आलेल्या एका यंत्रावर ठळक अक्षरांत २७ टन असे लिहिले होते आणि माहितीपुस्तिकेत सिलिंडरचा आतला व्यास ४ इंच दिला होता. हा हिशेब कुणालाही करता येतो. ४ इंच व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचांहून किंचित जास्त भरते. तेलाचा दाब चौरस इंचाला ३,००० पौंड धरला, तर जोर सुमारे ३७,७०० पौंड होतो, आणि अमेरिकन टन २,००० पौंडांचा असल्यामुळे तो १९ टनांच्याही थोडा आतच राहतो. त्याच दाबाला साडेचार इंचाचा सिलिंडर जवळपास २४ टन देतो आणि पाच इंचाचा साडेएकोणतीस. तेव्हा आकड्याच्या चिकटपट्टीऐवजी व्यास आणि दाब विचारावा. शिवाय माझा अनुभव असा आहे की खऱ्या वीस-बावीस टनांत घरगुती सरपणाचे बहुतेक सगळे काम होते.

टनांपेक्षा दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. त्याच्या पोटात दातेरी चक्रांच्या दोन जोड्या असतात. पाचरीपर्यंतचे मोकळे अंतर कापताना दोन्ही जोड्या तेल ढकलतात, त्यामुळे दट्ट्या झपाट्याने पुढे येतो. लाकूड पाचरीला भिडून दाब वाढला की मोठ्या जोडीचे तेल टाकीकडे परत वळते आणि लहान जोडी एकटीच, सावकाश पण पूर्ण जोराने, दट्ट्या रेटत राहते. शेजारी उभे राहिले की हा बदल कानांना कळतो: इंजिनाचा आवाज खाली बसतो, दट्ट्या क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, ओंडक्याच्या तोंडावर केसासारखी एक रेघ उमटते, ती रुंदावत जाते, आणि मग काडकन दोन फाका बाजूला पडतात. ओल्या ओकमधून त्या वेळी पाचरीच्या कडेने पाण्याचे थेंब अक्षरशः पिळून निघतात, आणि आंबूस वास सगळ्या अंगणात पसरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुळई उभी करता येण्याची सोय. दोन फूट व्यासाचा आणि सोळा इंच लांबीचा ओल्या रेड ओकचा ओंडका सुमारे १२० किलो भरतो. असे ओंडके आडव्या तुळईवर उचलून ठेवण्याच्या नादात एका वसंतात माझ्या कमरेने असा दगा दिला की तीन आठवडे मला वाकून बुटांची नाडी बांधता येईना. तुळई उभी केली की ओंडका नुसता लोटत खालच्या पत्र्यावर आणायचा असतो. पैसे कमी असतील तर टन कमी घ्यावेत, ही सोय सोडू नये.

सध्या आमच्याकडे फोडायला येते ते बरेचसे अ‍ॅशचे लाकूड, आणि त्यामागची हकिकत दुःखद आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा, धातूसारखा चमकणारा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर खातात आणि झाड वाळत जाते. स्प्लिटरवर ओंडका फुटला की साल सुटून पडते आणि लाकडावर नागमोडी कोरलेल्या वाटा उघड्या पडतात. त्या वाटांवरून बोट फिरवताना मला दर वेळी वाईट वाटते. असे लाकूड जाळायला उत्तम असते, परंतु ते जिथे तोडले तिथेच जाळावे, गाडीत घालून दुसऱ्या भागात नेऊ नये; या किडीचा प्रसार सरपणाच्या वाहतुकीतूनही झालेला आहे. फोडण्याच्या बाबतीत अ‍ॅशसारखे गुणी झाड दुसरे नाही. याउलट एल्मच्या शिरा एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की पाचर आरपार गेली तरी दोन फाका दोरांनी बांधल्यासारख्या लोंबकळत राहतात, आणि ते दोर शेवटी हातातल्या कुऱ्हाडीने तोडावे लागतात.

आता जे सांगतो ते कृपा करून गंभीरपणे घ्यावे. तिसऱ्या वर्षी आम्ही भाड्याने आणलेल्या यंत्रावर मी लिव्हर धरला होता आणि पत्नी ओंडका सरळ धरून ठेवत होती. गाठीपाशी तो एकाएकी फिरला आणि तिच्या हातमोज्याच्या दोन बोटांची टोके लाकूड व पाचर यांच्यामध्ये अडकली. मोजा सैल होता म्हणून हात निसटून आला. मी लिव्हर सोडला तोवर मोज्याचे चामडे कापून गेले होते. तो मोजा मी जपून ठेवला आहे. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की जो ओंडका ठेवतो तोच लिव्हर चालवतो, आणि दुसरे माणूस यंत्रापासून दूर, फोडलेले लाकूड रचत असते. युरोपातली अनेक यंत्रे दोन्ही हात दोन लिव्हरवर असल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या एका लिव्हरच्या यंत्रांवर ती शिस्त आपली आपणच पाळावी लागते. तेलाच्या नळीतून बारीक गळती दिसली तर ती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी, कारण एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करण्याची असते. इंजिनाचे यंत्र गॅरेजमध्ये चालवू नये, दार उघडे असले तरीही.

वर्षाला दीड-दोन कॉर्डच लागत असतील तर पाच ते सात टनांचे विजेचे यंत्र पुरेसे आहे. ते मोठ्या गाठींपुढे थांबते, पण आवाज कमी करते आणि कार्ब्युरेटर साफ करण्याची कटकट राहत नाही. जड चक्राच्या वेगावर चालणारी यंत्रेही मिळतात. सरळ लाकूड ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोडतात, परंतु आमच्याकडच्या मेपलच्या दुबेळक्यांपुढे मला हायड्रॉलिकच बरे वाटले. आम्ही तीन शेजाऱ्यांनी मिळून एकच यंत्र घेतले आहे. कुणाचीही पाळी आठवडाभराहून जास्त लांबत नाही, आणि हंगाम संपला की पेट्रोल काढून ठेवण्याची जबाबदारी शेवटच्या घराची असते.

येत्या शनिवारी पाळी आमची आहे. घरामागे ओकचे अकरा ओंडके पडले आहेत, त्यांतले चार तुळई उभी केल्याशिवाय फुटणार नाहीत. ते फोडून लाकडी चौकटींवर, जमिनीपासून वीतभर उंच, नैर्ऋत्येचा वारा लागेल असे रचायचे आणि वरून फक्त माथा झाकायचा. परवाच्या हिवाळ्याआधी, ऑक्टोबरात, त्यातली एक फाक पुन्हा फोडून तिच्या ताज्या बाजूवर ओल मोजायचे यंत्र टोचून पाहीन.