दोन फुटी टाकीसाठी वेगळे मासे निवडताना

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात साधारण ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली, की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपासच उरते. एवढ्याशा पाण्यात पाचसहा जातींचे रंगीबेरंगी मासे एकत्र सोडले, तर ते जगतातही. पण भित्रे मासे दिवसभर फिल्टरच्या मागे लपून राहतात, दांडगे मासे सगळे खाणे फस्त करतात आणि त्यांचे मूळ वागणे आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून लहान टाकीसाठी एकच आगळी जात निवडावी आणि पाणी, झाडे, खाणे हे सारे तिच्या सोयीने मांडावे, असे माझे ठाम मत आहे.

या दृष्टीने माझ्या सर्वांत आवडीचा मासा म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांमध्ये सापडणारा बुटका पफर. दुकानात तो ‘पी पफर’ या नावाने मिळतो. पंबा नदीतील नमुन्यांवरून होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि त्रावणकोरचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आजही आहे. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो, पण त्याची नजर पाहणाऱ्याला थक्क करते. त्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. झाडांबरोबर टाकीत आलेली एखादी गोगलगाय काचेवरून सरकताना दिसली, की तो तिच्यासमोर पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतो, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने तिचे निरीक्षण करतो आणि तिने शिंगे बाहेर काढली, की नेमका तिथेच चावा घेतो. त्याचे दात सतत वाढत असल्यामुळे शंख फोडून खाणे ही त्याची गरजही आहे. कोरडे दाणे तो सहसा तोंडात घेत नाही. गोगलगाई, जिवंत किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) यांची सोय आधी करून ठेवावी लागते. इतर माशांचे पर कुरतडण्याची त्याला सवय असल्यामुळे टाकी केवळ त्याचीच हवी. दाट झाडे लावलेल्या दोन फुटी टाकीत चारपाच पफर राहू शकतात, मात्र त्यांत नर एकच असलेला बरा. वयात आलेल्या नराच्या पोटावरून गडद रेघ जाते आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या दिसतात, त्यावरून तो ओळखता येतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा मासा असुरक्षित गटात आहे आणि बाजारात येणारे बरेचसे पफर आजही नदीतून पकडलेले असतात. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीच्या गादीत तो घरीसुद्धा अंडी घालतो. त्यामुळे एखाद्या हौशी पालकाने वाढवलेली पिल्ले मिळत असतील, तर चार पैसे जास्त मोजून तीच घ्यावीत.

दुसरा मासा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आणि उत्तर बंगालमधला, ‘स्कार्लेट बॅडिस’ या नावाने विकला जाणारा. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णन केलेला हा मासा सुमारे दोन सेंटीमीटरचाच असतो. नराच्या लालभडक अंगावर निळसर उभे पट्टे असतात. मादी फिकट असल्यामुळे व्यापारी तिला बहुधा पकडतच नाहीत, आणि दुकानातील पिशवीत सगळे नरच येतात. हे नर आपापली हद्द राखतात, त्यामुळे लहान टाकीत एकच नर ठेवावा आणि मादी मिळाली तर तिला झाडांचा भरपूर आडोसा द्यावा. हालचाल करणारे खाणे सोडून तो दुसऱ्या कशाकडे फारसा वळत नाही. ज्याला खाण्यासाठी आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची अंडी उबवण्याची चिकाटी नाही, त्याने हा मासा घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

ज्यांना इतकी उस्तवार जमणार नाही, त्यांनी बुटक्या पॅनचॅक्सचा विचार करावा. गोवा ते केरळ या पट्ट्यात आढळणारा हा पाच सेंटीमीटरच्या आतला मासा पाण्याच्या पृष्ठभागालगत राहतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. नव्वदच्या दशकात गोव्यात मलेरियाच्या नियंत्रणासाठी त्याचा प्रत्यक्ष वापर झाला होता. मॉसमध्ये चिकटवलेली त्याची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात. उडी मारण्यात तो पटाईत आहे, म्हणून टाकीवर घट्ट झाकण हवेच. हनी गुरामीही निवांत स्वभावाची आणि सांभाळायला सोपी आहे.

याउलट, पश्चिम घाटातला म्हणून अभिमानाने विकला जाणारा डेनिसन बार्ब दोन फुटी टाकीत कधीही ठेवू नये. तो दहा सेंटीमीटरच्या पुढे वाढतो, थव्याने आणि वेगाने पोहतो आणि निसर्गात धोक्यात आलेला आहे. रंगाची सुई टोचून चमकवलेल्या काचमाशांना तर हातही लावू नये. टाकीत मावेनासे झालेले मासे जवळच्या तलावात सोडून देणे हाही अन्यायच आहे. सकरमाउथ मासे आपल्या देशातील अनेक नद्या आणि तलावांत अशाच वाटेने पसरले आहेत.

पाण्याचा विचार माशाच्या आधी करावा. मुंबई-पुण्याच्या धरणांचे पाणी मृदू असते, बोअरवेलचे बहुधा जड. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याशिवाय ते टाकीत ओतू नये. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला काही आठवडे लागतात. या बारीक माशांसाठी जोराच्या प्रवाहाच्या फिल्टरपेक्षा साधा स्पंज फिल्टर चांगला.

मासा घेण्यापूर्वी दुकानदाराला तो आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावे. पोट आत गेलेला, खाण्याकडे न वळणारा पफर किंवा बॅडिस कितीही स्वस्त मिळाला, तरी घरी आणू नये. दुकानदार खाऊ घालायला तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.