वहिवाट

रविवार, नोव्हेंबर, रात्री

"यू आर ऑल राइट." चारचाकी क्वाड बाइकवरून शेतकरी एवढंच म्हणाला आणि कुत्र्याला शीळ घालून निघून गेला. मी पायवाट सोडून चार पावलं बाजूला, त्याच्या गवतात. दुपारपासून तेच घोळतंय. चालू द्या म्हणाला, की या खेपेला सोडलं म्हणाला?

इंग्लंडच्या ससेक्समधली लुइस ते ग्लाइंड वाट, जेमतेम साडेपाच किलोमीटर. लुइस स्टेशनावरून क्लिफ नावाच्या भागातल्या पुलापर्यंत दहा मिनिटं, मग हाय स्ट्रीटच्या टोकाला साउथ स्ट्रीट ओलांडली की समोर चॅपल हिल उभी. पाच मिनिटांत घाम फुटतो, म्हणून जाकीट खालीच काढून कमरेला बांधलेलं बरं. याच कड्यावरून 27 डिसेंबर 1836 ला साठलेला बर्फ घरांवर कोसळला आणि आठ माणसं गेली. खालच्या पबचं नाव 'स्नोड्रॉप' ते त्यावरून. मला कित्येक महिने ते फुलाचंच वाटत होतं.

वर गोल्फ क्लबपाशी बरेच जण चुकतात. माउंट केबर्न समोर दिसतो, तेव्हा माथ्यामाथ्याने जाता येईल असं वाटतं. येत नाही. मध्ये ऑक्स्टेडल बॉटमची घळ आहे. कमावलेली उंची तिथे घालवायची आणि पुन्हा चढायचं. केबर्न आहे 146 मीटर, पण ही उतरण धरली तर एकूण चढ दोनशेच्या घरात जातो. ताशी पाच किलोमीटर, अधिक दर 600 मीटर चढाला एक तास, या जुन्या हिशेबाने दीड तास होतो. पावसानंतर दोन तास धरावे. नोव्हेंबरच्या मध्यात सव्वाचारला सूर्य गेलेला असतो, म्हणजे एकनंतर निघू नये. वाटेत पाण्याचा नळ नाही.

माथ्यावर लोहयुगातल्या गढीचे खंदक आहेत. वाऱ्यात उभं राहवत नाही. खंदकात बसून डबा खावा.

भानगड झाली ती ग्लाइंडकडे उतरताना. इथली माती म्हणजे खडू. कोरडा असताना पाय छान धरतो, भिजला की वर साबणासारखा थर येतो आणि त्याखाली गारगोट्या. फाटकापाशी तर गुरांनी तुडवून लापशीच केलेली. पाय पूर्ण टेकवून, गुडघे सैल ठेवून मधूनच जायचं, हा शहाणपणा माहीत असूनही मी कडेने गेले. सगळे कडेने जातात, आणि तशीच एक मीटरची वाट चार मीटरची होते.

घरी येऊन नकाशा उघडला. 1:25,000 च्या नकाशावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काची पायवाट. पिवळसर रंग म्हणजे 2000 च्या कायद्याने कुठेही हिंडायला मोकळी जमीन. माझी चार पावलं पिवळ्याबाहेर. म्हणजे त्याला बोलायचा अधिकार होता. पण रेघेवरून जायचा मला होता, आणि तो त्याने दिलेला नाही. 1949 च्या कायद्यापासून या वाटा कौन्सिलच्या नकाशावर नोंदलेल्या आहेत. शेतातून आडवी जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली, तर चौदा दिवसांत किमान एक मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. हे सगळं मला पाठ आहे. तरी बाइकचा आवाज आला तेव्हा छातीत धस्स झालं ते झालंच. आपल्याकडे बांधावर परका दिसला की "कोण रे तिकडं?" ठरलेलं. ती हाक मी इतकी वर्षं अंगात बाळगून हिंडतेय, आणि इथे तर ती कोणी मारलीसुद्धा नाही.

बाबांच्या त्या तहसीलच्या फेऱ्या आठवल्या. मामलेदार कोर्ट, कलम 5, अडवलेली वहिवाट. जाऊ दे.

बरं, तो रागावला असता तर कुत्र्याला शीळ घालत बोलला असता का? आणि ऑल राइटच्या पुढे त्याने 'लव्ह' लावलं होतं की नव्हतं? वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. मी मात्र तीनदा सॉरी म्हटलं. तीनदा! एकदा त्याला, एकदा कुत्र्याला आणि एकदा फाटकाला. फाटक उघडं होतं ते मी लावूनही घेतलं, म्हणजे उलट दुसरी चूक. जसं सापडलं तसंच ठेवायचं असतं; पलीकडच्या पाण्यावर मेंढ्या जाव्यात म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. आता त्या मेंढ्या तहानलेल्या बसल्या असतील आणि तो म्हणत असेल, हिला उगाच ऑल राइट म्हटलं.

अनघा म्हणते, त्याला उत्तरसुद्धा ऑल राइटच द्यायचं असतं, संपला विषय. एवढी वर्षं इथे राहून हे मला रविवारी रात्री फोनवर कळावं.

ग्लाइंडहून लुइस एकच स्टेशन. गाडी डोळ्यांदेखत गेली, पुढची तासाने. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय. हीटरजवळ नको, चामडं तडकतं. खडू ओला पुसायला गेलं की पसरतो. उद्या वाळला की ब्रशने पीठ झाडल्यासारखा निघेल.