वाघ नाही दिसला, मग काय झालं

ताडोबाहून आलं की पहिला प्रश्न ठरलेला, वाघ दिसला का? या वेळी नाही दिसला. दोन सफारी झाल्या, एकदा चितळाने कॉल दिला, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा, गाईडने जिप्सी थांबवली, सगळे श्वास रोखून बसलो आणि दहा मिनिटांनी जंगल परत शांत. रस्त्यावरच्या धुळीत पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलाचा ठसा, मात्र होता, एवढा ताजा की कडा पण ढासळल्या नव्हत्या. घरी आल्यावर एक नातेवाईक म्हणाले, म्हणजे पैसे फुकट गेले की. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलोय.

आपण नॅशनल पार्क म्हणजे वाघ बघायची जागा एवढंच धरून चाललोय, आणि मग ज्याला सफारी परवडत नाही त्याला वाटतं की याच्याशी आपला काय संबंध. संबंध आहे, आणि खूप जवळचा आहे. बोरिवलीचंच घ्या ना. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौ. किमी., मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध. त्याच्या आत विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत, १८६० आणि १८७९ चे, आणि अजूनही त्यांचं पाणी मुंबईला जातं. आता मोठा पुरवठा बाहेरच्या धरणांमधून येतो हे खरं, पण या तलावांभोवतीचा डोंगर जंगलाने धरून ठेवलाय म्हणून ते टिकलेत. दहिसर नदी तुळशीपाशी सुरू होते, मिठी विहार-पवईच्या ओव्हरफ्लोमधून. म्हणजे ज्याने पार्कचं गेट आयुष्यात बघितलं नाही त्याच्याही दारात हे जंगल पोचलेलं असतं.

आणि ही गोष्ट नवीन नाही हो. कान्हेरीला जा, पार्कच्या आतच आहे. लेण्यांच्या बाजूला कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघा, डोंगरावरून पाणी त्यात उतरावं म्हणून खोदलेल्या बारीक पन्हळी बघा, पावसाळ्यात गेलात तर त्यातून पाणी वाहताना दिसतं. कल्याण, सोपाऱ्याच्या लोकांनी लेणी-टाक्यांसाठी दान दिल्याचे शिलालेख आहेत तिथे. मी त्या पन्हळीत बोट घालून बसलो होतो बराच वेळ, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा उतार बरोब्बर मोजलाय आणि पाणी अजून तिथूनच जातंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नॅशनल पार्कला अभयारण्यापेक्षा जास्त संरक्षण आहे, गुरं चारायला पण बंदी, आणि हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. महाराष्ट्रात अशी सहा उद्यानं आहेत, ताडोबा सगळ्यात जुनं, १९५५चं.

पण याची किंमत कुणी मोजली हे पण बोललं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानातली गावं उठली आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळले. बोरिवलीच्या जंगलात वारली पाडे पार्क व्हायच्या आधीपासून आहेत. जंगल सगळ्यांचं म्हणताना ज्यांचं ते आधीपासून होतं त्यांना बाजूला सारून "सगळे" कसे होणार, मला तरी हे पटत नाही. जंगल राखायचंय तर त्यांच्याशी बोलूनच राखावं लागेल, कारण कुठली वाट कुठे जाते, कुठलं झाड कधी फुलतं हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहितीये.

कारवीचंच बघा. सात वर्षं नुसती हिरवी झुडपं, मग आठव्या पावसाळ्यात सगळा उतार एकदम जांभळा आणि मधमाश्यांचा एवढा आवाज की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. फुलून बी धरलं की झुडूप मरतं, वाळलेली बोंडं तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. याच कारवीच्या काठ्या उभ्या करून, वर शेणमाती लिंपून वारली घरांच्या भिंती करतात. २०२४ला बोरिवलीत फुलली तेव्हा मी भाचीला घेऊन गेलो होतो, ती चार वर्षांची, एक फूल खाली पडलेलं उचलून तिने पूर्ण वाट मुठीत धरलं होतं. बिबट्या नाही दिसला, हरणं पण नाही दिसली, आणि तिने एकदाही विचारलं नाही.

आता परत २०३२ला फुलेल. ती बारा वर्षांची असेल, आत्ताच सांगून ठेवलंय तिला.