आमचं सगळ्यांना जायचं, कुणाचं आमच्यापर्यंत येत नव्हतं

हर्णैला काकांची मासेमारी नौका आहे. काका स्वतः तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, आणि बॅटऱ्या, वायरिंग, वायरलेस हे सगळं माझ्याकडे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा नौका आंजर्ले खाडीत उभी करून आम्ही दुरुस्त्या करून घेतो. त्या पावसाळ्यात केबिनला रंग दिला, जुनं वायरिंग काढलं आणि डेकवरचे हॅलोजन काढून दोन एलईडी दिवे लावले. हे दिवे जाळी ओढताना आणि मासळी निवडताना उजेड हवा म्हणून होते. एलईडी लावून मासे गोळा करण्याला २०१७ पासून बंदी आहे, आणि ती असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

हंगामातल्या दुसऱ्या फेरीत, रात्री, आमच्याजवळच्या एका नौकेचं इंजिन बंद पडलं. तिचा तांडेल वायरलेसच्या १६ नंबरवर, म्हणजे मदतीच्या हाकेसाठी असलेल्या चॅनेलवर, हाका मारत होता. आमच्यापेक्षा कितीतरी लांबच्या नौकांनी ते ऐकलं आणि शेवटी त्यांच्यातलीच एक दोर टाकायला गेली. आम्ही सगळ्यांत जवळ होतो आणि आमच्या केबिनमध्ये चिडीचूप होतं. बंदरात आल्यावर तो काकांना म्हणाला, "दादा, तुमचं बोलणं मला खणखणीत येत होतं. मग माझं तुम्हाला कसं नाही आलं?" काका त्यावर काही बोलले नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी साध्या गोष्टी तपासल्या. आवाज पूर्ण वाढवला. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून धरणारं बटण, पूर्ण सोडलं, तर स्पीकरमधून भरपूर खरखर आली, म्हणजे स्पीकर ठीक होता. काही सेटवर बंदराजवळच्या गर्दीत वापरायला 'लोकल' नावाची सोय असते, ती चालू राहिली तर लांबचं येत नाही. तीही बंद होती. सेट काढून दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर दुकानात तो व्यवस्थित ऐकत होता. तरीही तो म्हणाला, "रिसीव्हर कमजोर झालाय, नवा घ्या."

मी अँटेनाच्या मागे लागलो. केबलच्या टोकाचा कनेक्टर हिरवा पडला होता. तो कापून नवा लावला, सोल्डर केला, वर टेप गुंडाळली. दिवसा बंदरात तपासलं, छान चाललं. समाधानाने निघालो आणि रात्री पुन्हा तेच.

इथे मला शांतपणे विचार करायला हवा होता. अँटेना किंवा केबल खराब असेल तर ती जाणाऱ्या लहरी जेवढ्या खाते तेवढ्याच येणाऱ्याही खाते. आमचं बोलणं लांबपर्यंत स्पष्ट जात होतं, म्हणजे दोष अँटेनात असणं कठीण. मग शेजारच्या नौकेचा चांगला सेट उसना आणून आमच्या केबलला जोडला. रात्री तोही बहिरा. म्हणजे आमचा सेटही निर्दोष.

आता उरलं ते एकच: असं काहीतरी जे फक्त ऐकण्याच्या आड येतं आणि फक्त रात्री येतं. काकांना विचारलं, "रात्री स्क्वेल्च कुठे ठेवता?" ते म्हणाले, "पार वर. नाहीतर खरखर थांबत नाही रे." तेव्हा डोक्यात आलं की अंधार पडला की आपण दिवे लावतो.

नांगर टाकून उभे असताना रात्री चाचणी केली. दिवे बंद ठेवून, कुणी बोलत नसलेल्या चॅनेलवर स्क्वेल्च हळूहळू फिरवला आणि खरखर जिथे नुकती थांबते तिथे सोडला. पहिला दिवा लावला, काही नाही. दुसरा लावला आणि सेट एकदम खरखरायला लागला. बंद केला, शांत. चार-पाच वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच. हाच त्रास अमेरिकेतही झाला होता. तिथल्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ (आमच्यासारखा नौकेवरचा वायरलेस) आणि एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) यांचे संदेश नीट येत नाहीत, असा इशारा काढला होता, आणि चाचणीही साधारण अशीच सुचवली होती.

एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, वीज फार वेगाने चालू-बंद करत असतो, त्यातून लहरींचा कचरा बाहेर पडतो. बोलताना आपला सेट २५ वॅट फेकतो, त्याला या कचऱ्याचं काहीच वाटत नाही. पण लांबच्या नौकेचा आवाज अँटेनाला पोचतो तो व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढा. तो कचऱ्यात बुडतो. वर खरखर नको म्हणून स्क्वेल्च चढवला की उरलंसुरलंही बंद.

केबिनच्या टपावर चढून पाहिलं, तर दुसऱ्या दिव्याची वायर अँटेनाच्या केबलला दोन मीटरभर पट्ट्यांनी आवळलेली. ती मीच आवळली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. वायर सोडवून दुसऱ्या बाजूने नेली, तिच्या दोन्ही तारांना पीळ दिला, दिव्याजवळ असा कचरा अडवणारे फेराइटचे मणी बसवले. खरखर बरीच कमी झाली, पण गेली नाही. शेवटी तो दिवाच काढला आणि चाचणी घेऊन, सेट गप्प राहतो याची खात्री करून, दुसऱ्या बनावटीचा बसवला.

पुढच्या फेरीत दोन्ही दिवे चालू होते, खलाशी बांगडा निवडत होते. केबिनमधून आवाज आला, लांबच्या एका नौकेतून कुणीतरी वाऱ्याचं विचारत होतं. काकांनी माईक उचलला. "येतंय, येतंय, बोल."